तांब्याच्या दोन उष्माधारकतांमधला फरक: वीस हजार पटींची तफावत कुठून येते?

पर्वतीपायथा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी सदाशिव पेठेत घरीच पदवीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. ती निराश झाली नाही, पण मला चैन पडेना, म्हणून येथे लिहीत आहे.

वायूंच्या बाबतीत आपण सगळेच एक गोष्ट शिकवतो. एक मोल आदर्श वायू स्थिर आकारमानावर एक अंशाने तापवला, तर दिलेली सर्व उष्णता अंतर्गत ऊर्जेत जाते. तोच वायू स्थिर दाबावर तापवला, तर तो प्रसरण पावतो आणि बाहेरच्या दाबाविरुद्ध कार्य करतो, म्हणून तेवढी उष्णता जास्त द्यावी लागते. हे जास्तीचे कार्य बरोबर ८.३१४ ज्यूल भरते, आणि म्हणूनच सीपी (स्थिर दाबावरची उष्माधारकता, म्हणजे एक मोल पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) वजा सीव्ही (स्थिर आकारमानावरची उष्माधारकता) बरोबर आर (वायू स्थिरांक), हा मायरचा संबंध मिळतो. येथपर्यंत कोणाला शंका नसते.

पुढे मी नेहमीप्रमाणे म्हणालो की घन आणि द्रव पदार्थ फारच थोडे प्रसरण पावतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा फरक नगण्य असतो. या मुलीने घरी जाऊन तांब्याचे गणित केले. एक मोल तांब्याचे आकारमान सुमारे ७.१ घन सेंटिमीटर असते. एक अंशाने तापवल्यावर ते जवळपास ०.०००३५ घन सेंटिमीटरने वाढते. वातावरणाच्या दाबाविरुद्ध एवढ्या प्रसरणाचे कार्य साधारण ०.००००३६ ज्यूल होते. म्हणजे फरक तेवढाच असायला हवा. पण तिला मिळालेल्या तक्त्यात तांब्याची सीपी २४.४ आणि सीव्ही २३.७ दिली होती, म्हणजे फरक सुमारे ०.७ ज्यूल प्रति मोल प्रति केल्व्हिन. दोन आकड्यांत वीस हजार पटींचे अंतर आहे. तिचा गुणाकार मी तीनदा तपासला आणि तो बरोबर आहे. मग बाकीची उष्णता जाते कुठे?

आकडेमोड | रविवार, रात्री १०.२५

गुणाकार मीही करून पाहिला, तो बरोबर आहे. मात्र मला वेगळीच शंका आहे. तक्त्यातला २३.७ हा आकडा कोणी प्रत्यक्ष मोजला आहे का? तांबे तापत असताना त्याचे आकारमान तसूभरही वाढू द्यायचे नसेल, तर प्रत्येक अंशामागे त्यावर सुमारे ७० वातावरणांइतका दाब वाढवत न्यावा लागेल. असा प्रयोग कोणी सहजासहजी करणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे घन पदार्थांची सीपी मोजतात आणि सीव्ही सूत्रातून काढतात. तसे असेल, तर आपण एका सूत्राची तुलना दुसऱ्या सूत्राशी करत आहोत आणि प्रयोग बाजूलाच राहिला आहे. आधी ही गोष्ट स्पष्ट व्हावी.

निवृत्त_प्राध्यापिका | सोमवार, सकाळी ७.१०

पर्वतीपायथा, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. तिचे गणित चुकलेले नाही. चूक आपल्या शिकवण्यात आहे, आणि ती मी स्वतः कितीतरी वर्षे केली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

"स्थिर दाबावर जास्त उष्णता लागते, कारण पदार्थ बाहेरच्या दाबाविरुद्ध कार्य करतो" हे वाक्य आदर्श वायूपुरतेच पूर्ण सत्य आहे. इतर कोणत्याही पदार्थासाठी ते अर्धेच असते, आणि बहुतेक द्रव व घन पदार्थांसाठी तर ते सत्याचा अगदी किरकोळ भाग सांगते. पदार्थ प्रसरण पावतो तेव्हा त्याला दोन गोष्टींसाठी ऊर्जा खर्चावी लागते. एक म्हणजे बाहेरचे वातावरण मागे ढकलणे. दुसरी म्हणजे स्वतःचेच अणू किंवा रेणू एकमेकांच्या ओढीविरुद्ध दूर नेणे. आदर्श वायूत रेणूंना एकमेकांची ओढच नसल्यामुळे दुसरा खर्च शून्य होतो. तांब्यात पहिला खर्च जवळजवळ शून्य असतो आणि सगळा भार दुसऱ्यावर पडतो.

हेच सूत्राच्या भाषेत मांडते. दोन्ही धारकतांमधला फरक म्हणजे बाहेरचा दाब अधिक "अंतर्गत दाब", या बेरजेला एक अंशामागे होणाऱ्या आकारमानवाढीने गुणायचे. अंतर्गत दाब म्हणजे तापमान तेच ठेवून आकारमान थोडे वाढवले, तर दर एकक आकारमानामागे अंतर्गत ऊर्जा किती वाढते, ती राशी. ती मोजण्यासाठी पदार्थ ताणून पाहण्याची गरज नाही. मॅक्सवेलच्या एका संबंधानुसार स्थिर तापमानावर आकारमानाबरोबर एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) ज्या दराने बदलते, त्याच दराने स्थिर आकारमानावर तापमानाबरोबर दाब बदलतो. हा दुसरा दर म्हणजे प्रसरणांक (एक अंशामागे आकारमान कोणत्या प्रमाणात वाढते) भागिले संपीड्यता (एकक दाबवाढीमागे आकारमान कोणत्या प्रमाणात घटते), आणि या दोन्ही राशी प्रयोगशाळेत मोजता येतात. तापमानाला या दराने गुणले आणि बाहेरचा दाब वजा केला की अंतर्गत दाब मिळतो.

आता तांब्यासाठी आकडे घाला. तापमान २९८ केल्व्हिन, आकारमानाचा प्रसरणांक सुमारे ०.००००५ प्रति केल्व्हिन आणि संपीड्यता दर पास्कलमागे साधारण ७.२ भागिले दहाचा बारावा घात. अंतर्गत दाब २ अब्ज पास्कलच्या आसपास येतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे वीस हजार पट. तुमची तफावत हीच आहे. तुमच्या विद्यार्थिनीने वातावरणाविरुद्धचे कार्य अचूक मोजले, पण तांब्याला स्वतःच्या अणूंच्या जाळीविरुद्ध करावे लागणारे कार्य हिशेबात धरले नाही, कारण ते असते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

सर्व मिळून सूत्र असे होते: फरक बरोबर तापमान गुणिले मोलचे आकारमान गुणिले प्रसरणांकाचा वर्ग, भागिले संपीड्यता. आदर्श वायूचा प्रसरणांक म्हणजे एक भागिले तापमान आणि संपीड्यता म्हणजे एक भागिले दाब. ही मूल्ये घातली की दाब गुणिले आकारमान भागिले तापमान उरते, आणि तेच आर. म्हणजे मायरचा संबंध हे या व्यापक सूत्राचे एक टोक आहे. विद्यार्थ्यांना हे शेवटचे पाऊल स्वतः टाकू द्यावे.

"द्रव आणि घन पदार्थांत फरक नगण्य असतो" हे वाक्यही कृपया सोडून द्या. बेंझीन घ्या. २५ अंशांवर त्याची सीपी सुमारे १३६ आहे आणि वरच्या सूत्राने येणारा फरक सुमारे ४१ ज्यूल प्रति मोल प्रति केल्व्हिन, म्हणजे आदर्श वायूतल्या फरकाच्या जवळजवळ पाचपट. या ४१ ज्यूलपैकी वातावरणाविरुद्धच्या कार्याचा वाटा फक्त ०.०११ ज्यूल आहे. बाकी सर्व ऊर्जा बेंझीनचे रेणू एकमेकांपासून किंचित दूर नेण्यात जाते.

पर्वतीपायथा | सोमवार, दुपारी २.०५

मॅडम, मनापासून आभार. बेंझीनचा आकडा वाचून मी थक्क झालो. एवढी वर्षे मी तो फरक नगण्य म्हणत आलो.

आता माझी एक शंका. पाणी ० ते ४ अंशांच्या दरम्यान तापवले की आकुंचन पावते. म्हणजे तेथे वातावरणच पाण्यावर कार्य करते. मग या टप्प्यात स्थिर दाबावर कमी उष्णता लागून सीपी ही सीव्हीपेक्षा लहान व्हायला हवी ना?

मुठेकाठ | सोमवार, दुपारी ३.३०

मला तरी तसेच वाटते. पाणी आकुंचन पावताना वातावरणाकडून ऊर्जा मिळते, त्यामुळे बाहेरून तेवढी कमी उष्णता द्यावी लागेल. ४ अंशांच्या खाली सीपी लहान, ४ अंशांना दोन्ही समान आणि त्यावर सीपी मोठी, असा क्रम असावा.

निवृत्त_प्राध्यापिका | सोमवार, सायंकाळी ६.५०

४ अंशांना दोन्ही समान असतात, हे मुठेकाठ यांचे म्हणणे बरोबर आहे. कमाल घनतेच्या बिंदूवर प्रसरणांक शून्य होतो आणि त्याबरोबर फरकही शून्य होतो. मात्र त्याखाली सीपी लहान होत नाही. सूत्रात प्रसरणांकाचा वर्ग आहे, त्यामुळे तो ऋण असला तरी वर्ग धनच राहतो. संपीड्यता कोणत्याही स्थिर पदार्थाची धनच असते, कारण दाबल्यावर फुगणारा पदार्थ क्षणभरही टिकणार नाही. म्हणून सीपी ही सीव्हीपेक्षा कधीही लहान असू शकत नाही, फार तर समान असू शकते.

पण "वर्ग आहे म्हणून" एवढे सांगून थांबले, तर विद्यार्थ्याला गणित मिळेल आणि कारण मिळणार नाही. पुन्हा दोन खर्चांचा हिशेब करू. २ अंशांच्या पाण्यासाठी अंतर्गत दाब काढला, तर तो ऋण येतो, सुमारे उणे १८० वातावरण. याचा अर्थ असा की या टप्प्यात तापमान तेच ठेवून पाण्याला थोडे पसरू दिले, तर त्याची अंतर्गत ऊर्जा कमी होते. पसरलेल्या पाण्यात हायड्रोजन बंधांची बर्फासारखी ऐसपैस रचना जास्त टिकते आणि ती रचना कमी ऊर्जेची असते. उलट पाणी आकुंचन पावते तेव्हा ही रचना मोडावी लागते आणि त्यासाठी ऊर्जा लागते. मुठेकाठ म्हणतात त्याप्रमाणे वातावरण पाण्याला थोडी ऊर्जा देते हे खरे आहे, पण ती एका वातावरणाच्या हिशेबाने, आणि रचना मोडण्याचा खर्च एकशे ऐंशीच्या हिशेबाने. पारडे खर्चाच्याच बाजूने झुकते. आकडा लहान आहे, मोलमागे सुमारे ०.०१ ज्यूल, परंतु चिन्ह धनच आहे.

मुठेकाठ | सोमवार, रात्री ८.१५

समजले. मीही फक्त बाहेरचाच दाब पाहत होतो, म्हणजे मूळ प्रश्नातलीच चूक मी दुसऱ्या दिशेने केली. दुरुस्तीबद्दल आभार.

ध्वनिलहरी | मंगळवार, सकाळी ११.००

आकडेमोड यांच्या शंकेकडे कोणी वळले नाही, आणि ती माझ्या मते या धाग्यातली सर्वांत प्रामाणिक शंका आहे. घन आणि द्रव पदार्थांची सीव्ही बहुधा प्रत्यक्ष मोजली जात नाही, हे खरे आहे. पण वरचे सूत्र तपासण्याचा एक स्वतंत्र मार्ग आहे आणि त्यात उष्णता मोजावीच लागत नाही. त्यात ध्वनीचा वेग मोजतात.

उष्मागतिकीतला एक सुंदर निष्कर्ष असा आहे की सीपी आणि सीव्ही यांचे गुणोत्तर हे दोन संपीड्यतांच्या गुणोत्तराइतकेच असते: एक संपीड्यता तापमान स्थिर ठेवून मोजलेली आणि दुसरी उष्णतेची देवाणघेवाण होऊ न देता मोजलेली. हे वायूंपुरते मर्यादित नाही, पाणी, बेंझीन, तांबे या सर्वांना ते लागू आहे. ध्वनिलहरीतले दाब इतक्या झपाट्याने बदलतात की उष्णतेला एका थरातून दुसऱ्या थरात जायला वेळच मिळत नाही, म्हणून ध्वनीचा वेग दुसरी संपीड्यता सांगतो. न्यूटनने हवेसाठी नकळत पहिली संपीड्यता वापरली. त्यामुळे त्याचे सूत्र शून्य अंशावर सेकंदाला सुमारे २८० मीटर वेग देते, तर प्रत्यक्ष वेग ३३१ मीटर आहे. १८१६ मध्ये लाप्लासने ही चूक दाखवली. हवेसाठी धारकतांचे गुणोत्तर १.४ आहे, त्याचे वर्गमूळ घेऊन २८० ला गुणले की ३३१ मिळतात.

आता हेच बेंझीनसाठी करू. आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रयोगशाळांमध्ये अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर असतो, तो ज्यांनी हाताळला आहे त्यांना आठवेल. द्रवाने भरलेल्या नळकांड्यात स्क्रू फिरवत गेले की मीटरचा काटा ठरावीक अंतरांवर उसळतो, त्या अंतरांवरून तरंगलांबी आणि तरंगलांबीवरून वेग मिळतो. बेंझीनमध्ये हा वेग २५ अंशांवर सेकंदाला सुमारे १,३०० मीटर येतो. घनता घनमीटरला ८७४ किलोग्रॅम. यावरून उष्णता न देता-घेता मोजलेली संपीड्यता काढली आणि तिने स्थिर तापमानाच्या संपीड्यतेला भागले, तर गुणोत्तर १.४३ मिळते. दुसरीकडे मॅडमनी दिलेल्या आकड्यांवरून सीव्ही १३६ वजा ४१ म्हणजे ९५ होते, आणि १३६ भागिले ९५ हेही १.४३ येते. एका बाजूला स्क्रू फिरवून मोजलेली तरंगलांबी आणि दुसऱ्या बाजूला उष्णतेचा हिशेब, आणि दोन्ही एकाच आकड्यावर येऊन थांबतात. आकडेमोड, आपण विचारलेला प्रयोग हा आहे.

पाण्यात मात्र हा प्रयोग विद्यार्थ्यांना फारसे काही दाखवत नाही. २५ अंशांवर पाण्याच्या धारकतांचे गुणोत्तर जेमतेम १.०१ आहे, आणि विद्यार्थ्याच्या मोजमापातली चूक त्याहून मोठी असू शकते.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १२.४०

माझी शंका पूर्ण फिटली. स्वतंत्र मोजमाप हवे होते, ते मिळाले.

वेधशाळेजवळ | मंगळवार, रात्री ९.२०

वायूंविषयी एक छोटी भर घालतो, कारण हा प्रश्न पुण्यातल्या विद्यार्थ्यांकडून नेहमी येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. दाब कमी, म्हणून प्रसरणाचे कार्यही कमी, आणि म्हणून ८.३१४ हा फरक पुण्यात थोडा कमी भरेल, असे मुलांना वाटते. तसे होत नाही. दाब जितका कमी, तितके एक मोल वायूचे आकारमान मोठे आणि एका अंशामागे होणारी आकारमानवाढही तितकीच मोठी. दोन्हींचा गुणाकार तोच राहतो. म्हणून शिवाजीनगरला मोजा किंवा सिंहगडावर, आदर्श वायूसाठी फरक आरच येणार.

सिंहगडाचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतो. कोरडी हवा डोंगराला धडकून वर चढते तेव्हा ती दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. हा आकडा गुरुत्वत्वरणाला हवेच्या सीपीने, म्हणजे किलोग्रॅममागे १,००५ ज्यूलने, भागून मिळतो. तेथे सीव्ही, म्हणजे ७१८, वापरली तर उत्तर जवळपास १३.७ येते आणि ते चुकीचे आहे. वर चढणारी हवा केवळ स्वतःची अंतर्गत ऊर्जा कमी करत नाही, ती भोवतालच्या हवेला ढकलत पसरत असते, आणि तो हिशेब सीपीतच सामावलेला आहे.

निवृत्त_प्राध्यापिका | बुधवार, सकाळी ६.४५

मायरविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण आपण ज्या जागी अडखळलो, नेमक्या त्याच जागेवर त्याच्यावर आक्षेप घेतला गेला होता.

युलिउस रोबर्ट मायर हा व्यवसायाने वैद्य होता. उष्णता आणि कार्य ही एकमेकांत ठरावीक प्रमाणात बदलतात, हे त्याने १८४२ मध्ये मांडले आणि ते प्रमाण हवेच्या दोन उष्माधारकतांच्या फरकावरून काढले. त्याचे उत्तर असे होते की एखादे वजन ३६५ मीटरांवरून पडले, तर त्यातून मिळणारी उष्णता तेवढ्याच वजनाच्या पाण्याला ० पासून १ अंशापर्यंत तापवील. आजचा आकडा सुमारे ४२७ मीटर आहे. त्याच्या विचारात खोट नव्हती. हवेच्या उष्माधारकतेचे त्या काळी उपलब्ध असलेले मूल्य ०.२६७ कॅलरी होते, तर खरे मूल्य ०.२४ च्या जवळ आहे. त्याच्या पद्धतीत आजचे आकडे घातले, की ४२७ मिळतात. मी हे विद्यार्थ्यांकडून दरवर्षी करून घेत असे.

आक्षेप वेगळा होता. जास्तीची सर्व उष्णता बाहेरच्या कार्यातच जाते आणि हवेच्या आत काहीच खर्च होत नाही, हे मायरने कशावरून धरले? हा प्रश्न रास्त होता. तांब्यासाठी किंवा बेंझीनसाठी असे गृहीत धरले असते, तर उत्तर हजारो पटींनी चुकले असते. हवेसाठी ते चालते, याचा आधार गे-ल्युसॅकच्या १८०७ च्या प्रयोगात होता आणि मायरने पुढे त्याचा हवालाही दिला. एका भांड्यातली हवा दुसऱ्या रिकाम्या भांड्यात मोकळी सोडली, तर एकूण तापमानात बदल आढळत नाही. म्हणजे नुसत्या पसरण्याने हवेची अंतर्गत ऊर्जा बदलत नाही. ज्यूलने १८४५ मध्ये तोच प्रयोग सुमारे २२ वातावरण दाबाची हवा घेऊन केला. पुढे १८५२ मध्ये ज्यूल आणि थॉमसन यांनी अधिक बारकाईचा प्रयोग करून दाखवले की खऱ्या वायूंत अगदी थोडा परिणाम असतो, म्हणजे त्यांच्या रेणूंनाही एकमेकांची थोडी ओढ असते.

तेव्हा पर्वतीपायथा, मायरचा संबंध शिकवताना त्याआधी हा दोन भांड्यांचा प्रयोग जरूर शिकवा. आपल्याकडे तो वेगळ्या प्रकरणात येतो आणि दोन्हींचे नाते कोणी जोडून दाखवत नाही. ते जोडले असते, तर तुमच्या विद्यार्थिनीने तांब्याकडे वळताच स्वतःच विचारले असते की येथे तो प्रयोग केला तर काय होईल.

पर्वतीपायथा | शनिवार, रात्री ८.३०

आज शिकवणीत हा संपूर्ण धागा आधार धरून दोन तास घेतले. फळ्याच्या एका बाजूला वातावरणाविरुद्धचे कार्य, दुसऱ्या बाजूला अंतर्गत दाबाविरुद्धचे, अशा दोन रकान्यांत हवा, पाणी, बेंझीन आणि तांबे मांडले. प्रत्येक रकान्यातला आकडा मुलांनीच काढला. दोन भांड्यांचा प्रयोग आधी सांगितला, आणि मॅडम म्हणाल्या तसेच झाले, तांब्याचा प्रश्न येण्याआधीच मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले की घन पदार्थात ही ओढ शून्य कशी असेल.

जिच्यामुळे हे सुरू झाले, त्या विद्यार्थिनीने घरी जाऊन पाऱ्याचे गणित करून पाठवले आहे. पाऱ्याचा प्रसरणांक ०.०००१८२, संपीड्यता दर पास्कलमागे ४ भागिले दहाचा अकरावा घात आणि मोलचे आकारमान १४.८ घन सेंटिमीटर घेऊन तिला फरक सुमारे ३.७ ज्यूल मिळाला. सीपी २८.० आहे, म्हणून सीव्ही २४.३ आणि गुणोत्तर १.१५. मग तिने कोणी न सांगता पाऱ्यातला ध्वनीचा वेग, सेकंदाला १,४५० मीटर, घेऊन ध्वनिलहरी यांच्या मार्गाने पडताळणी केली. तेथे तिला १.१४ मिळाले. खाली तिने लिहिले आहे: "सर, दुसऱ्या दशांश स्थळातला फरक संपीड्यतेच्या आकड्यामुळे असावा. मी अधिक अचूक आकडा शोधते आहे."